डावा गाल

मंगळवार, ६ मार्च १९३४, धुळे

तोतारामने बायकोच्या तोंडावर विळा मारला! माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने. ती होळीला माहेरी गेली आणि सांगितल्यापेक्षा उशिरा परतली – एवढंच कारण. मी दवाखान्यात पोलिसांना द्यायचे जखमांचे दाखले लिहीत बसलो होतो आणि दारात आमचीच बैलगाडी येऊन थांबली. आत माय, आणि मायच्या मांडीवर डोकं झाकून पडलेली बेबाबाई. पदर लालभडक.

डॉक्टरसाहेब पडद्याआड टाके घालत होते आणि सांगत होते. मी पडद्याबाहेर लिहीत होतो. रोजचीच पद्धत. "डावा गाल. ओठाच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीकडे. धारदार हत्यार. ओठ आरपार. ओळखीची खूण – हनुवटीवर गोंदण, तीन ठिपके." हात चालला होता. मध्येच लक्षात आलं – भावजयीच्या हनुवटीवर गोंदण आहे हे मला आज कळतंय! मी जेठ, थोरला दीर. ती लग्न होऊन आली तेव्हापासून मी उंबऱ्यावर खाकरतो, ती पदर ओढते. एका घरात राहून तिचा चेहरा मी कधी पाहिला नाही. आज लिहून घेतला, तोही फाटलेला.

बुधवार, ७ मार्च

तोताराम कोठडीत. जेवलो नाही.

शनिवार, १० मार्च

हवालदार येऊन गेला. दाखल्यात 'साधी दुखापत' आलं तर घरातल्या घरात मिटेल म्हणाला. 'जबर दुखापत' आलं तर भाऊ तुरुंगात. चेहरा कायमचा विद्रूप झाला तर ती जबर – हे मला त्याने कशाला सांगायला हवं! रोज तेच लिहितो. डॉक्टरसाहेबांनी अभिप्राय राखून ठेवलाय. टाके निघाल्यावर व्रण पाहून ठरवू म्हणाले.

माय माझ्या पायाशीच बसली. "तुना पाठना भाऊ शे तो, पंडित. त्याले जेलमा धाडशी का?"

आबा गेल्यावर मीच वाढवला त्याला. खांद्यावर बसवून पांझरा नदीवर न्यायचो. माशाला भ्यायचा! तोच हा. चिडावं की रडावं कळेना. दोन्ही केलं.

बुधवार, १४ मार्च

आज टाके काढायचे होते. साहेब वाट पाहत राहिले, बाई आलीच नाही. घरी येऊन बघतो तर मायने शेजारच्या न्हाविणीकडून टाके काढून घेतलेले! भडकलो. माय म्हणाली, "चार लोकसमा तिनं तोंड कसाले उघडं करशी? जखम बठ्ठी भरी गयी. बारीक रेघ शे."

लताबाईला – माझ्या बायकोला – विचारलं, खरं का? ती चुलीतली राख सारत राहिली.

"तुम्हीच एक डाव देखी ल्या ना."

"मी जेठ आहे. मी कसा बघू?"

"मंग माले इचारू नका."

सासू पलीकडेच बसलेली. तिच्यासमोर लताबाई तरी काय बोलणार?

सोमवार, १९ मार्च

लिहू नये वाटतंय. तरी लिहितो.

बाई काही दवाखान्यात आली नाही, दाखला अडलेला. साहेब कोकणातले. आमच्याकडची पदराची रीत त्यांच्या डोक्यातच नाही. एका घरात राहतो म्हणजे रोज पाहत असणार, असं त्यांना वाटलं. "पंडितराव, बाई तुमच्याच घरातली. व्रण कसा दिसतो? तोंड वाकडं झालंय का?"

'साहेब, मी तिचं तोंड पाहिलेलं नाही.' एवढंच म्हणायचं होतं! जिभेवर आलं होतं. डोळ्यांपुढे कोठडीतला तोताराम आला, पायाशी बसलेली माय आली. म्हणालो, "बारीक रेघ आहे साहेब." त्यांनी विश्वास ठेवला. सांगत गेले, मी लिहीत गेलो – जखम भरली, व्रण बारीक, चेहरा विद्रूप नाही, साधी दुखापत. त्यांनी सही केली.

साहेबच शिकवतात – दाखला असा लिहावा, की ज्याने जखम पाहिली नाही त्यालाही ती दिसावी. आज मी मायच्या शब्दावर लिहिला. अक्षर मात्र नेहमीसारखंच सुरेख आलंय. त्याचीच जास्त लाज वाटते.

गुरुवार, २२ मार्च

मिटलं. तोताराम घरी आला. मायने दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आम्ही दोघे भाऊ शेजारी शेजारी जेवायला बसलो. "भाऊ, तुम्हीन वाचाडं माले," म्हणाला आणि रडला. मला रडू आलं नाही.

बेबाबाई मागच्या दारी होती. भांडी वाजत होती.

बुधवार, २८ मार्च

लताबाई आज माझ्यावर तुटून पडली. आठवडाभर धरून ठेवलं होतं तिने.

"बेबा पानी पेस ते बठ्ठं ओठमातून गयी जास. डोळा मिटस नही तिना. तिनी बहीणनं लगीन शे, बेबा म्हनस मी लगीनले जावाव नही."

"मग आधी का नाही बोललीस?"

"देखी ल्या म्हनं व्हतं ना मी!"

खरंय. म्हणाली होती. उद्या साहेबांना सगळं सांगतो. नोकरी गेली तर जाऊ दे.

गुरुवार, २९ मार्च

नाही सांगितलं.

सोमवार, २ एप्रिल

संध्याकाळी उंबऱ्यावर नेहमीसारखा खाकरलो. बेबाबाई ओसरीत दाणे निवडत होती. तिने पदर ओढला नाही. मला वाटलं, ऐकू आलं नसेल, पुन्हा खाकरलो. तिने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. ओठ कानाकडे ओढलेला, दात उघडे, डोळ्यातून पाणी. हनुवटीवर तीन ठिपके. मीच नजर खाली टाकली. "पदर घे गं, बाई," म्हणालो.

आजवर माझ्याशी एक शब्द न बोललेली ती बोलली –

"भाऊ, तुम्हीच लिखं ना, तोंडले काही व्हयेल नही. मंग आते झाकू कसाले?"