वाईनखोलीतली वाकडी नळी

स्टेलनबॉश,
बुधवार, जेवणानंतर

आदरणीय भेलेमामा,

कुळाच्या नावाने हाक मारतोय, म्हणजे निदान पत्र शेवटपर्यंत वाचाल. तुमचा गुडघा कसा आहे? तांबडी गाय व्याली का? मामीचा आवाज कसा आहे? (तब्येत ठणठणीतच असणार, म्हणून आवाज विचारतोय.) मी बरा आहे. फक्त माझ्या नोकरीची तब्येत जरा नाजूक आहे, ते पुढे येईलच.

मी इथे ऊम लाटेगानच्या द्राक्षबागेत कामाला आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. (ऊम म्हणजे काका, इथे मालकाला तसंच म्हणायचं.) म्हातारा मनाने चांगला, पण वाईनच्या बाबतीत फार हळवा. घराखाली त्याने एक खोली केलीय, तिच्यात बाटल्या आडव्या निजवून ठेवल्यात. (पीत नाही फारसा. नुसता खाली जातो, एकेकीकडे बघतो आणि सुस्कारा सोडतो. आपल्याकडे माणूस संध्याकाळी गुरांकडे बघत उभा राहतो, तसंच. म्हणून मी त्याला हसत नाही.) या बाटल्यांना उकाडा सोसत नाही, म्हणून भिंतीत गार हवेचं मशीन बसवलंय. मशीनचं तोंड बाटल्यांकडे आणि पाठ शेजारच्या अडगळीच्या खोलीत. तोंडातून गारवा येतो, पाठीतून गरम वारा. अडगळीच्या खोलीत झोपतो मी. म्हणजे पुढची बाजू मालकाची, मागची आपली. इथल्या हिवाळ्यात मला तीच बरी.

तर सोमवारी ऊम खाली गेला आणि बघतो तो खोली गोठ्यासारखी उबदार! मशीन घरघर करी, गप्प बसे, पुन्हा घरघर करी. ऊमने एक हात कमरेवर ठेवला, दुसरा मशीनकडे केला आणि ओरडला, "लुंगिसा!"

आता मामा, तुम्हीच सांगा, माणसाने काय समजायचं? आपल्या भाषेत लुंगिसा म्हणजे दुरुस्त कर, सरळ कर. मी जन्मलो तेव्हा छप्पर गळत होतं, तुम्ही माझ्या बापावर ओरडलात, "लुंगिसा!" आणि आजीला वाटलं पोराचं नाव ठरलं. (गळती अजून तशीच आहे, असं आई म्हणते.) ऊम लहानपणी शेतावर आपल्याच माणसांत वाढला, आपली भाषा चांगली बोलतो. त्याने मला नुसती हाक मारली होती, बाटल्या उचलायला. मला वाटला हुकूम. "होय ऊम," म्हणालो आणि पेचकस आणायला पळालो. तो मेकॅनिकला फोन करायला वर गेला, आणि मी मशीनजवळ एकटा राहिलो.

मी घाईने काही केलं नाही, हे लक्षात घ्या. आधी बटण बंद करून चालू केलं. मग जाळीची धूळ झटकली. तिच्यातून एक पाल निघाली, तिला वाट करून दिली. दाराच्या रबरात कागद धरून फट आहे का पाहिलं. मग आकड्यांच्या खिडकीजवळचं एक बटण दाबलं, तर आकडा एकदम चौऱ्याहत्तर! आता बाटल्या उकळून फुटणार म्हणून मी बागेत पळालो. (आकडा दुसऱ्या मापातला होता, हे नंतर कळलं. दोन मापं कशाला ठेवतात?) परत येऊन झाकण काढलं, आणि मामा, दुखणं समोरच दिसलं. आत एक बारीक तांब्याची नळी होती, वेटोळ्यावर वेटोळं घातलेली. एवढ्या वळणांतून गारवा बिचारा यायचा कसा? मी बसलो आणि ती सरळ करत गेलो. अर्धी सरळ झाली आणि "फुस्स" झालं. नंतर मशीनने घरघरसुद्धा केली नाही.

मग मेकॅनिक आला. ॲशवीन नाव, बोलणं तिखट. "डोकं कुठे गहाण ठेवलंस? ती वेटोळी मुद्दाम असतात! सगळा गॅस घालवलास!"

"मग वर लिहायचं ना तसं," मी म्हणालो.

पण मुळात मशीन का बिघडलं, हे बघायला तो माझ्या खोलीत आला आणि दारातच थबकला. मशीनच्या गरम जाळीला टेकून दोन घोंगड्या पांघरलेलं काहीतरी बसलं होतं.

"आजारी आहे का कोणी?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"कोणी नाही. बिअर आहे. ज्वारीची."

इथल्या थंडीत बिअर फसफसत नाही हो मामा. आई पिंपाला घोंगडी गुंडाळते, तशी मी गुंडाळली, आणि ऊब फुकट जात होती तिथे नेऊन ठेवली. ॲशवीन म्हणाला, मशीनच्या नाकात तू घोंगडी कोंबलीस, श्वास कोंडला म्हणून ते थकलं. म्हणजे आजार माझा आणि औषधही माझंच. मग त्याने चव बघायला एक मग घेतला, आणि पहिल्याची खात्री करायला दुसरा. वर जाऊन त्याने ऊमला एवढंच सांगितलं की मशीन संपलं, नवीन घ्या. पिंपाचं नाव काढलं नाही. देवमाणूस!

पण नळी ऊमने स्वतः पाहिली. त्यात बाटल्या सध्या बर्फ घालून तान्नी हेस्टरच्या, म्हणजे मालकिणीच्या, न्हाणीतल्या टबात ठेवल्यात. ती काल नवऱ्याला म्हणाली, "एक तर हा पोरगा जाईल, नाही तर तुझ्या बाटल्या जातील. मला आंघोळ करायचीय!" ऊमने माझ्याकडे पाहिलं. मामा, त्या नजरेत माझी पिशवी भरलेली दिसत होती. मी काहीतरी बोललो आणि वेळ निभावली. ते किरकोळ आहे.

बाकी सर्व क्षेम. मामीला आणि गाईला नमस्कार.

तुमचाच,
लुंगिसा

ता. क. किरकोळ ते असं. मी ऊमला म्हणालो, माझे मामा खाणीत थंडीचं खातं सांभाळायचे. खोटं नाही ते, खाणीच्या खानावळीतल्या मांसाच्या थंड खोलीची किल्ली तुमच्याकडेच असायची ना? तो म्हणाला, "तुझ्या मामाने हे मशीन चालू केलं तर तू माझ्याकडे राहशील. नाही केलं तर तू मामाकडेच राहा." शनिवारी तो मला आणि मशीनला गाडीत घालून त्सोमोला तुमच्या घरी येतोय. मामी ज्या बंद पडलेल्या फ्रिजमध्ये कोंबड्यांचं खाद्य ठेवते, तो कृपा करून कुठेतरी लपवा.

आणखी ता. क. घाबरू नका. ॲशवीनही येतोय, मशीन उतरवायला म्हणून. नवी नळी आणि गॅस त्याच्या पिशवीत आहे. मशीन संपलं असं एकदा मालकाला सांगून बसल्यामुळे त्याला ते उघड दुरुस्त करता येत नाही, तो गुपचूप करणार. तुम्ही फक्त मशीनभोवती एक फेरी मारा, कान लावा, "हं" म्हणा आणि मशीन गोठ्यामागे पाठवा. मग ऊमशी गुरांवर बोलत बसा. तो उठणार नाही. ॲशवीनने मजुरी म्हणून एक पिंपभर बिअर मागितलीय, तेव्हा मामीला आजच ज्वारी भिजवायला सांगा. हेच सांगायला पत्र लिहिलं.

अगदी शेवटचं. पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देतोय आणि तो वाटेत सासुरवाडीला उतरतो. तेव्हा हे आमच्या मागून पोहोचलं, तर अंगणात उभा असलेला लाल चेहऱ्याचा म्हातारा तो ऊम. त्याला आधी खुर्ची द्या, तांबड्या गाईची चौकशी करू द्या, आणि मग फ्रिजसमोर मामीला उभी करा. तिला ओलांडून कोणी जाणार नाही.