सायकलच्या रकान्यातली रेघ

मंगळवार, संध्याकाळ

मूर्तिजापूर रस्त्यालगत चालायला, सायकलला वेगळी वाट करायची का, हे ठरवण्यासाठी आज सकाळी मी ये-जा करणारी माणसं मोजत होते. एक बाई दुधाच्या कॅन टांगलेली सायकल ढकलत आली. सायकल ढकलणारा पायीच धरायचा, असा नियम. मी पायीच्या रकान्यात रेघ ओढली.

"ताई, कायची गिनती करून राहिल्या?"

मी सांगितलं.

"मंग आमच्या मालकायलेबी लिवा. सायकल त्यायचीच हाय, मले कुठं चालवता येते! मागच्या पोळ्याले इथंच ट्रकनं उडवलं त्यायले."

"आज जाणारेच मोजायचे असतात, बाई." असं कसं म्हणाले मी?

ती गेल्यावर सायकलच्या रकान्यात एक रेघ ओढली. तक्ता उद्या द्यायचाय. रेघ खोटी आहे, कळतंय. खोडायला हात होत नाही.