बांधावरची हाक

रोहा
२० नोव्हेंबर १९९७

चि. धनेश यास सगुणाताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र पेणहून फिरत फिरत इथे आलं, कारण आबा सध्या माझ्याकडेच आहेत. बाकी सगळे बरे. प्रतिक्षाला सर्दी झालीय. तुझे भावोजी नेहमीसारखे जेवतात आणि घोरतात.

पेपरातला तुझा फोटो पोरीने भिंतीवर चिकटवलाय. खारेपाटाचं दुःख जॅझमध्ये आणणारा कलावंत, असं त्यात छापलंय. मला तुझं जॅझ कळत नाही बाबा, पण कॅसेटची सुरुवात ऐकली आणि अंगावर काटा आला. आबांचीच हाक ती. खाडीच्या बांधाला खांड पडून खारं पाणी शेतात शिरायला लागलं की हा बँडवाला माणूस बांधावर उभा राहून ट्रम्पेट फुंकायचा, आणि घरटी एक माणूस फावडं-पाटी घेऊन धावायचा. जेवता हात धुवायलासुद्धा थांबायचं नाही, हा गावचा कायदा. तू ती हाक आधी शिकलास, लग्नातली गाणी मागून.

आता तू लिहितोस, नाताळात येतो, बांधावर वाजवतो, जमिनी विकू नका म्हणून गाव जमवतो. धनेश, येऊ नकोस.

का ते लिहायला हात होत नाही, पण लिहिते. गणपतीत हिरामणने तुझी कॅसेट मंडपातल्या कर्ण्यावर लावली. अख्खं गाव फावडी घेऊन बांधावर. बांध धड होता. हिरामणला शिव्या पडल्या, मग सगळे हसले. कौतुक तुझंच, म्हणून तो आपल्या चहाच्या टपरीवर ती रोज लावायला लागला. सुरुवातीला माणसं दचकायची. पुढे कोणी मान वर करेना.

कोजागिरीच्या उधाणाला भर दुपारी खांड पडली. मी माहेरीच होते. आबा फुंकत होते आणि कोणी येत नव्हतं. मी गावात धावले. कृष्णाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली. म्हणाली, "अगो, हिरामणची कॅशेट हाय ती. बस, च्या घे."

माझा आरडाओरडा ऐकून उठले सगळे. तोवर खांडीतून बैलगाडी गेली असती. आबांच्या ओठांतून रक्त येत होतं, तरी ते फुंकतच होते.

भात दाण्यावर आलेलं, सगळं खाऱ्या पाण्यात गेलं. आता तीन-चार वर्षं तिथे काही पिकायचं नाही. जमिनी मागत फिरणाऱ्या दलालाला फार बोलावं लागलं नाही. महिनाभरात सगळ्यांनी जमिनी दिल्या. आबांनीही.

तुला कोणी नावं ठेवत नाही. हिरामण मात्र टपरी बंद करून बसलाय.

आबांनी मला बजावलंय, "त्याला कळवू नको गो. दम तुटला तं वाजवील काय?" मीही गप्प बसणार होते. पण तू गाव जमवायला निघालास, आणि जमून राखायचं असं तिथे काही उरलं नाही. कोणी तोंडावर सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. उत्तरात यातलं काही लिहू नकोस, तुझी पत्रं आबा प्रतिक्षाकडून वाचून घेतात.

तू मुंबईतच वाजव. तिथे ऐकून कोणाला धावायचं नसतं.

तुझी,
सगुणाताई