तपकिरी शेंबूड आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शरीर आता काही महिन्यांचाच सोबती आहे, असे डॉक्टर म्हणतात. डोके मात्र ठिकाणावर आहे. नसते तर स्वतःची इतकी किळस आली नसती. चार वर्षांपूर्वी रागाच्या भरात केलेले मृत्युपत्र मी रद्द करते.

एक. राहते घर, दोन खोल्या व गॅलरीसह, माझ्या धाकट्या बहिणीला. जुन्या कागदात ते मावसभावाच्या नावे होते. त्याने आशेवर राहू नये.

दोन. बाहेरच्या खोलीतील खाऱ्या पाण्याची टाकी, तिच्यातले प्रवाळ, दोन मासे, पंप व दिवे हेही बहिणीलाच. ती टाकी कुठल्या अवस्थेतून गेली, हे तिला कळलेच पाहिजे, म्हणून सविस्तर लिहिते.

चार वर्षांपूर्वी वाळूवर तपकिरी थर धरला. हिरवे केसाळ शेवाळ मला ठाऊक होते; ते दगडाला घट्ट धरून असते, उपटावे लागते. लाल थर सालीसारखा अख्खा निघतो. हे त्यातले काहीच नव्हते. हा शेंबूड होता. सर्दी झालेल्या पोराच्या नाकातून लोंबावेत तसे धागे, टोकाला बुडबुडे. दिवे विझले की विरायचा, दुपारपर्यंत पुन्हा प्रवाळाच्या अंगावर. नळीने ओढून काढताना बादलीत जे साचायचे, ते पाहून मला दोनदा ओकारी आली.

बहीण तेव्हा माझ्याकडेच राहायची; येता-जाता माशांना चिमूटभर खाणे टाकत असे. मी ठरवून टाकले की हा तिचाच प्रताप. शेजारीण दारात उभी असताना मी बहिणीला म्हणाले, “तुझ्या हाताला स्वच्छता माहीतच नाही. पाणी नासवलंस माझं.”

ती म्हणाली, “ताई, अगं एकदा भिंगाखाली घालून बघ तरी. आयुष्यभर लोकांचं बघितलंस ना?”

“मला शिकवू नकोस,” मी म्हणाले. आठवड्याभरात ती भाड्याच्या खोलीत राहायला गेली.

तीन. औषधाच्या अर्ध्या भरलेल्या तीन बाटल्या मत्स्यालयाच्या दुकानदाराला परत द्याव्यात. त्याने फोनवर फक्त रंग विचारला आणि बाटली दिली. गुण आला नाही, तर दुसरी दिली. त्याच्या तोंडावर आपटाव्यात असे लिहिणार होते. वकिलांनी नको म्हटले.

चार. माझा मायक्रोस्कोप प्रयोगशाळेत माझ्या जागी आलेल्या मुलीला. त्याच्यासोबत पुढची हकीगतही तिने ठेवून घ्यावी.

चौतीस वर्षे मी लोकांची विष्ठा, थुंकी, पू नाक न मुरडता तपासला. नमुना न बघता निदान करणाऱ्या डॉक्टरांना नावे ठेवली. आणि स्वतःच्या टाकीतल्या घाणीचा थेंब काचेवर घ्यायला चार वर्षे धजावले नाही. बहीण गेल्यावर उलट चेव आला. पाणी बदलत राहिले, माशांचे खाणे निम्म्यावर आणले, गाळण्या धुतल्या. शेंबूड दुप्पट झाला. टाकीतल्या गोगलगायी त्याच्या विषाने पटापट मेल्या आणि कुजल्या. त्या वासात मी जेवले आहे.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मुदत सांगितली, तेव्हा कुठे थेंब घेतला. भिंगाखाली शेवाळाचे धागे नव्हतेच. थेंबाच्या आकाराचे तपकिरी जीव एका टोकावर गरगर फिरत होते. पुस्तक काढून ताडून पाहिले: डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव. हे माजतात ते पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट ही शेवाळाची खते काहीच उरली नाहीत की. बाकीचे शेवाळ उपाशी मरते आणि यांना रान मोकळे मिळते. म्हणजे माझ्या स्वच्छतेनेच हे पोसले होते. बहिणीची चिमूट होती तोवर निदान प्रवाळ तरी जगत होते.

आता उपाय चालू आहे: पाणी बदलणे बंद, खाणे वाढवले, अतिनील दिव्याची गाळणी रात्रंदिवस चालू. काचेवर साधे हिरवे शेवाळ धरू लागले आहे. ते कोणीही खरवडू नये. निम्मे प्रवाळ गेले. उरलेल्यांचे मी काही सांगू शकत नाही.

पाच. पुस्तके ज्याला हवी त्याने न्यावीत. कपडे जाळावेत, त्यांना वास लागला आहे.

सहा. मेल्यावर वाचायला मिळणारी माफी हा मी पाहिलेला सर्वांत घाणेरडा नमुना. समोरच्याला उत्तरच देता येत नाही. तेव्हा या कागदाची एक प्रत, घराच्या एका किल्लीसह, आजच बहिणीला पोचवावी. माझी चूक झाली. तिने यावे असे मला वाटते. तिने शिव्या घातल्या तरी चालेल, पण मी ऐकू शकते आहे तोवर.

सही (लिहून देणारी)

ठिकाण: राहते घर, बाहेरची खोली.
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा.

साक्षीदार १: सही. रुग्णालयातील निवृत्त परिचारिका.
साक्षीदार २: सही. खालच्या मजल्यावरील शिंपी.

साक्षीदार क्र. २ यांची नोंद, त्याच दिवशी, दुपारी दोन: प्रत बाईंच्या बहिणीच्या खोलीवर जाऊन त्यांच्या हातात दिली. त्यांनी दारातच उभ्याने सगळी वाचली. मी किल्ली पुढे केली, तर म्हणाल्या, “ती राहू द्या तुमच्याकडे. माझी मी अजून टाकून दिलेली नाही.” आणि चपला घालून माझ्या आधी जिना उतरल्या.