पिनेखालचा आकडा

अब्बा, गेल्या शुक्रवारी फज्रची नमाज पढून आलो आणि पुन्हा आडवा झालो नाही. तुमचा साबणाचा डबा काढला, फडक्यात गुंडाळलेला बिल्ला खिशात घातला आणि इथे सौदीत, दम्मामच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या डॉक्टरांकडे निघालो. सून तुमची म्हणाली, "चहा तरी घ्या." मी म्हणालो, येऊन घेतो. बसलो असतो तर उठलो नसतो. गेल्या सुट्टीत गावच्या पेटीत हा डबा सापडला, तेव्हापासून दर शुक्रवारी मी असाच निघायचा बेत करून बसून राहत होतो.

डॉक्टर नागपूरकडचे, इथल्या सरकारी इस्पितळात हाडांचे. दुसऱ्या महायुद्धातले बिल्ले जमवतात. माझा गुडघा दाखवायला गेलो होतो तेव्हा ओळख झाली. मी गोदामात आलेले व्हॉल्व तपासतो, त्यांच्यावरचा बनवणाऱ्याचा शिक्का खरा की खोटा ते बघतो, हे ऐकून ते हसले. म्हणाले, "म्हणजे तुम्ही आणि मी एकच धंदा करतो. फक्त तुम्हाला पगार मिळतो."

तुम्हाला तो बिल्ला कसा प्रिय होता. दर ईदला नमाजहून आलात की डबा उघडायचात आणि तीच गोष्ट सांगायचात. आजोबा इटलीत फौजेचा ट्रक चालवायचे. पकडलेल्या जर्मन सैनिकांना नेताना त्यांतल्या एका जखमी पोराला त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं, आणि त्याने छातीवरचा बिल्ला काढून त्यांच्या हातावर ठेवला. आजोबांना त्याची भाषा येत नव्हती, त्याला आजोबांची. तुम्ही इथवर आलात की आवाज खाली यायचा. अम्मी आतून म्हणायची, "पाणी पाजून झालं असेल तर शेवया थंड होतायत."

मग शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. गुरुजींनी बिल्ला मागितला आणि तुम्ही दिलात. मी अकरा वर्षांचा. आदल्या दिवशी दुपारी तुम्ही बंदरावर गेलेले, घरात पितळेची भांडी घासायला काढलेली. बिल्ला काळपट दिसत होता. बाकीच्यांचे तांबे, समया लखलखणार आणि आपला असा मळकट, हे मला बघवेना. चिंच, राख आणि काथ्या घेऊन मी तो घासला. पुढून घासला, मागून घासला, हात दुखेपर्यंत. रंग गेला, खाली राखाडी धातू आला. चमक काही आली नाही. तसाच फडक्यात बांधून ठेवला.

प्रदर्शनाला पाहुणे म्हणून आलेले निवृत्त फौजी साहेब आपल्या टेबलापाशी थांबले. त्यांनी बिल्ला उलटा केला, बोटाने चाचपला. "मागे बनवणाऱ्याचा नंबर असतो. इथे काही नाही. कुणीतरी तुमच्या वडिलांना बाजारातला माल दिला, नाहीतर वडिलांनी तुम्हाला गोष्ट सांगितली." लोक हसले. मागून कुणी म्हणालं, "इटलीला कसला, मुंबईच्या गोदीत होता म्हातारा." तुम्ही बिल्ला उचललात, साहेबांना सलाम केलात आणि घरी आलात. त्यानंतर ईदला डबा उघडला नाही. ईदगाहवरून परतताना आजोबांच्या कबरीशी तुम्ही खूप वेळ थांबायचात. त्या वर्षीपासून फातिहा पढायचात आणि लगेच वळायचात. मी मागून चालत तुमची पाठ बघत असे.

डॉक्टरांनी बिल्ला हातात घेतला आणि कपाळाला हात लावला. "अहो, हे काय? कुणीतरी भांडं समजून घासलंय." मग ते समजावून सांगत राहिले. लढाईच्या शेवटी जर्मनांकडे पितळ उरलं नव्हतं, बिल्ले जस्ताचे व्हायला लागले. आंबट लागलं की जस्त खाल्लं जातं. ज्या कारखान्याने बनवला त्याचा नंबर मागे पोलादी ठशाने ठोकलेला असायचा. नकली बिल्ले बहुतेक साच्यात ओततात, त्यांत आकडाही ओतीवच येतो, कडा गोल, तळाशी बारीक खड्डे. हे मला कळत होतं. खोट्या व्हॉल्वचंही असंच असतं.

त्यांनी भिंग दिलं, दिवा आडवा धरला. मी बिल्ल्याची मागची पिन हळूच उचलली. तिच्याखाली काथ्या पोहोचला नव्हता. तिथे तीनचा आकडा होता आणि पुढच्या आकड्याची एक वळलेली शेपटी. कडा धारदार, धातू बाजूला सरकलेला. ठोकलेला होता, अब्बा. ओतलेला नव्हता. मी वीस वर्षं हेच बघत आलोय, माझी चूक होत नाही.

"माझ्या मते अस्सल आहे," डॉक्टर म्हणाले. "पण कागदावर कुणी लिहून देणार नाही, नंबर अर्धा आहे. विकायचाय?"

"नाही."

"मग कागद कशाला हवा?" त्यांनी बिल्ला परत फडक्यात ठेवला. थोड्या वेळाने म्हणाले, "ह्या नाझी चिन्हाखाली फार माणसं मारली गेली. मी जमवतो, पण हे कपाटातच ठेवतो, भिंतीवर लावत नाही." मला आजोबांच्या बाटलीतलं पाणी आठवलं.

खाली गाडीत बसूनच मोठ्या भावाला फोन लावला. गावी तो जुम्म्याला निघायच्या तयारीत. सगळं सांगितलं, चिंचेपासून पिनेपर्यंत. तो मग म्हणाला, "अकरा वर्षांचा होतास रे."

"बाराव्या वर्षी सांगता आलं असतं. विसाव्याही. अब्बा तेव्हा होते."

"हं," तो म्हणाला. "नमाजनंतर कब्रस्तानात जातो. आधी आजोबांकडे थांबतो, मग अब्बांकडे."

तुम्ही स्वतःच्या बापाला खोटं समजून गेलात, हे आता कुणाला फोन करून बदलत नाही. हा कागद घडी करून साबणाच्या डब्यात ठेवणार आहे. पण एक उरलंच होतं. प्रदर्शनाहून घरी आल्यावर तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि काही विचारलं नाहीत, तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. हायसं वाटलं होतं. भावाला एवढंच सांगितलं नव्हतं. आज सकाळी त्याला पुन्हा फोन लावला आणि तेही सांगितलं.