होयबाची ओळ

प्रिय धाकट्या,

तुझी चिठ्ठी परवा तुझ्या बायकोने आणून दिली. चारच ओळी आहेत. पहिल्या तीन ओळींत तू म्हणतोस की डोकं फिरलं, पुढचं काही आठवत नाही. चौथीकडे मी शेवटी येते. तुला आठवत नसेल तर मी सांगते, कारण त्या वेळी संस्थेतल्या त्या खोलीच्या काचेच्या दारापलीकडे मी एकटीच होते आणि पाहिलेलं दुसरं कुणी नाही.

तू आधी तुझ्या हाताखालच्या त्या पोरीचा, शंकाबाईचा, लॅपटॉप उचललास. मला वाटलं, भिंतीवर फेकशील. तू तो मिटलास आणि त्याच्या कडेने तिच्या जबड्यावर मारलंस. ती खुर्चीसकट मागे गेली. तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले, तर तू त्या हातांवर मारत राहिलास, चार वेळा. बोट मोडल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. मग केस धरून तिचं डोकं टेबलाच्या पायावर आपटलंस. मी आत शिरून तुला मागून धरलं तेव्हा तुझं कोपर माझ्या तोंडावर बसलं. माझे दोन दात अजून हलतात. तू ओरडत होतास, "हिला कुणी शिकवलं हे?" अरे, तूच शिकवलं होतंस.

तुला या कामात मीच आणलं. मुख्य बाईंनी विचारलं होतं, सख्खा भाऊ हाताखाली चालेल का? मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, काम आणि नातं मी वेगळं ठेवीन. तुम्ही पाच मार्गदर्शक, प्रत्येकाकडे चार नवखे संशोधक. एआय माणसाला कसं फसवतं, आपली परीक्षा चालू आहे हे ओळखून कसं शहाण्यासारखं वागतं, हे शोधायला ती पोरं शिकणार. त्यांना तुम्ही सांभाळायचं आणि तुम्हाला मी. खोटं कशाला बोलू, पाचांत तूच उजवा होतास. कुणाचं काम अडलं की तू शेजारी खुर्ची ओढून बसायचास, चहा थंड व्हायचा तरी उठायचा नाहीस. आपल्या निकालावर पहिला संशय आपणच घ्यायचा, हे तुझं वाक्य पोरांनी फळ्यावर लिहून ठेवलं होतं. तिचं 'शंकाबाई' हे नावही तूच ठेवलंस, कारण ती प्रत्येक वाक्य "एक शंका आहे" म्हणून सुरू करायची.

शंकाबाईच्या प्रयोगाला आपण सगळे होयबा म्हणायचो. समोरच्याला आवडेल तेच उत्तर एआय देतं का, हे तपासणारा प्रयोग. त्याच्या जोरावर तुझा शोधनिबंध गाजला. आणि मग तिलाच सापडलं की तुम्ही विचारलेले प्रश्न उत्तरांसकट त्या एआयने शिकतानाच पाहिले होते. म्हणजे पेपर आधीच फुटलेला आणि आपण त्याच्या मार्कांवर टाळ्या घेतलेल्या. तिने तुला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तू टेबलावर असा हात आपटलास की कप फुटला.

ते तिने महिनाअखेरीस पोरं माझ्याकडे भरून देतात त्या फॉर्ममध्ये लिहिलं. मार्गदर्शकाची भीती वाटते असं कुणी लिहिलं, तर फॉर्म त्याच दिवशी मुख्य बाईंकडे द्यायचा, हा नियम माझाच. पण तो फॉर्म तुझ्याबद्दल होता. म्हटलं, घरचा माणूस आहे, कानात सांगितलं की सुधारेल. मी तिचं नाव काढलं आणि बाकीचं तुला पाठवलं. 'होयबाच्या निकालात चूक दाखवली की सर हात आपटतात,' ही ओळ तशीच राहिली. सबंध इमारतीत होयबावर काम करणारी ती एकटी होती. कुठून काय फुटतं हे शोधायला आम्ही पोरांना शिकवतो, आणि मला एवढं दिसलं नाही. पाठवल्यानंतर वीस मिनिटांत तू तिला त्या खोलीत बोलावलंस.

काल दवाखान्यात गेले होते. जबडा तारांनी बांधलाय, ती डाव्या हाताने वहीत लिहिते. त्या दिवसाचं तिला काही आठवत नाही. तू अॅम्ब्युलन्सवाल्यांना जे सांगितलंस तेच तिच्या आईने तिला सांगितलंय. मी बसल्याबरोबर तिने वही पुढे केली. वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, "एक शंका आहे. जिन्यावरून पडल्यावर बोटं वरच्या बाजूने कशी मोडतात?"

मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. बाबांनी कुकरचं झाकण आईच्या कानशिलावर मारलं आणि ती भिंतीला घसरत खाली बसली. तू सहा वर्षांचा, टेबलाखाली होतास. तिथून निघून तू बाबांच्या पोटरीला कडकडून चावलास. त्यांनी लाथ मारली तरी सोडलं नाहीस. त्या घरात आईच्या बाजूने लढलेला तू एकटाच. मी अकरा वर्षांची होते. डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं, आणि बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जिन्यावरून पडली." आपण तळमजल्यावर राहत होतो, धाकट्या. आईला त्या कानाने पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

आता तुझी चौथी ओळ. 'ताई, तू फक्त एवढंच म्हण, ती जिन्यावरून पडली.' ते वाक्य मी आयुष्यात एकदा बोलले, पुन्हा बोलणार नाही. काल मी तिला सगळं सांगितलं, मी तुला पाठवलेल्या होयबाच्या ओळीसकट. तिने वही मिटली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. आज सकाळी पोलिसांकडे जबाब दिला, त्यातही काही लपवलं नाही. तू माझ्यावर रागाव, तुझा हक्क आहे. माझी माया आटलेली नाही, म्हणूनच हे पत्र पोलिसांच्या आधी धाडते आहे. ते चारनंतर तुझ्याकडे येतील. तुझी लेक साडेतीनला शाळेतून येते. त्याआधी ऊठ, शर्ट बदल आणि स्वतःच्या पायांनी ठाण्यात जा. तिच्यासमोर तुला धरू देऊ नकोस. ती सहा वर्षांची आहे, टेबलाखाली सहज मावते.

तुझीच,
ताई