छत्तीस कळा आणि हिचा प्रबंध

३ जून
हिचं मनगट पुन्हा सुजलं. अठ्ठावीस तारखेला प्रबंध द्यायचाय, नव्वद पानं टाइप व्हायची आहेत. डॉक्टर म्हणाले विश्रांती घ्या. दोष मनगटाचा नाहीच, कीबोर्डच्या त्या शंभर कळांच्या धुडाचा आहे. ओपन सोर्स कीबोर्ड सापडला: फक्त छत्तीस कळा, बोटं जागची हलत नाहीत. डिझाइन फुकट, आपण नुसतं जोडायचं. ही म्हणाली, दुकानातून एखादा बरा आण. हिला कलाकुसरीची जाणच नाही. रविवारपर्यंत तयार.

९ जून, रविवार
सुट्या भागांचं पार्सलच आलं नाही. यात माझी काय चूक?

१३ जून
पार्सल आलं. सोल्डरिंग सुरू. जेवणाचं टेबल मी घेतलं, हिने प्रबंध इस्त्रीच्या टेबलावर नेला. त्याग दोघांनी करायला हवा.

१४ जून
डायोड उलटे बसले. छत्तीसच्या छत्तीस. निदान कामात सातत्य आहे.

१९ जून, संध्या. ६
चालू झाला! हिला मानाने बसवलं. विचारते, आकडे कुठेत? समजावलं: डाव्या अंगठ्याने एक कळ दाबून धरायची, की अक्षरांचेच आकडे होतात. म्हणाली, प्रबंधात विहिरींच्या पाणीपातळीचे एकसष्ट तक्ते आहेत. हे आधी सांगायला नको? सहा वर्षं सांगतेय म्हणे.

२० जून
सासूबाई आल्या. चौतीस वर्षं कचेरीत टायपिस्ट होत्या. कीबोर्ड उलटापालटा करून विचारलं, जावईबापू, उरलेला कुठाय? जुन्या पिढीशी काय वाद घालायचा! टेबलही परत मागितलं. मी आतल्या खोलीत.

२३ जून
कीबोर्डच्या आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, बदललं. आकडे आता झटकन येतात. 'प' येत नाही. 'पाणीपातळी'त तो दोनदा लागतो, हा निव्वळ योगायोग.

२५ जून
बाहेर अखंड खडखडाट. सासूबाई जुन्या धुडावर टाइप करतायत, ही मनगट मांडीवर ठेवून मजकूर सांगतेय. मध्येच दोघी हसतात. अशाने 'प' कसा सापडणार?

२८ जून
सकाळी अकराला 'प' सापडला! कीबोर्ड घेऊन बाहेर धावलो. घरात कुणी नाही.
दुपारी दोघी प्रबंध देऊन परतल्या. हिची प्रत चाळली. ऋणनिर्देशात आईसाठी अकरा ओळी. शेवटी मीसुद्धा आहे: "अखेरच्या आठवड्यात कोणतीही मदत न केल्याबद्दल पतींचे विशेष आभार."
दोनदा वाचलं. पहिल्या वेळी 'न' दिसलाच नव्हता.